सात्यांची जागा

१ मे

ग्रामसभेला मी नुसती बसायला गेले होते आणि गळ्यात काम अडकवून परत आले.

झालं असं. जंगलावरचा हक्क मिळाल्यापासून आमच्या गावाचं सगळं ऐटीत चाललं आहे. ग्रामसभेचं स्वतःचं सभागृह झालं, आता त्याच्या सडकेकडच्या भिंतीवर गावाचं चिन्ह हवं. वाघ नको, तो सगळ्यांच्याच भिंतीवर आहे. मोह नको, तो शेजारच्या गावानं घेतला. मग अर्धी सभा म्हणाली बहावा काढा, अर्धी म्हणाली सात्या काढा. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळांवर उगवते ती रानातली अळंबी. तिचं नाव निघालं की इथली माणसं बोलता बोलता थांबतात आणि एकदम मवाळ होतात.

मी वाढले सिमेंटच्या गावात. गडचांदूरला आमच्या क्वार्टरसमोर एक बहावा होता. त्याची पानं बारा महिने राखाडी, पण मे महिन्यात तो त्या धुळीतूनही पिवळा व्हायचा. त्याची आठवण आली आणि मी उभी राहून बहाव्याच्या बाजूनं बोलले, कॉलेजात शिकवते त्याच आवाजात. अध्यक्ष सोनीबाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बायलॉजीच्या. दोघायची तुलना लिहून आना. पंधरा ऑगस्टच्या सभेत वाचा, मंग ठरवू."

मागून कोणी तरी म्हणालं, "पन सात्या काढाच्या कशा? भिंत पांढरी, सात्या पांढऱ्या."

ते धनराजभाऊ पेंटर होते. नखांत निळा रंग, कानावर पेन्सिल. वडश्याच्या नाटक कंपन्यांचे पडदे तेच रंगवतात. महाल, तुरुंग, जंगल.

"म्हणजे तुम्ही बहाव्याच्या बाजूनं, धनराजभाऊ?" मी विचारलं.

"नाई. मी सात्याच्याच बाजूनं. काढाच्या कशा, तेवढं विचारून राह्यलो."

सभा हसली. मीही हसले. सगळे थांबल्यावर थोडा वेळ मी एकटीच हसत होते.

४ मे

अजयचा फोन. धाकटा भाऊ असला तरी आवाज वडिलांचा काढतो. सुट्टी लागली तरी मी गडचांदूरला का येत नाही?

"तुलना लिहायची आहे," म्हटलं.

"कशाची?"

"बहाव्याची आणि अळंबीची."

मग, "ताई, तब्येत बरोबर आहे ना तुही?"

तब्येत बरोबर आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या, एकटीनं राहणाऱ्या बाईनं उन्हाळ्याच्या सुट्टीत भावाकडे जावं हे ठरलेलंच आहे जणू. दर वर्षी मी जातेही. यंदा पाय निघत नाही, कारण काम आहे.

९ मे

नाल्याजवळचा बहावा पूर्ण फुलला. एक पान नाही अंगावर, नुसत्या पिवळ्या माळा. धनराजभाऊ मला शोधत तिथे आले. त्यांनी पुठ्ठ्यावर पिवळ्या रंगाच्या तीन छटा लावून आणल्या होत्या, यातला बहाव्याचा कोणता ते मी सांगावं म्हणून. अजून ठरलंही नाही की बहावाच काढायचा. केवढी ही तयारी. कलावंत माणसं कामाला किती पक्की असतात.

मी त्यांना बहाव्याची गंमत दाखवली. फुलात तीन लांब वाकडे केसर असतात. परागकण आत कोंडलेले. भुंगा येऊन फुलाला धरतो आणि सगळं अंग थरथरवतो, तेव्हाच पराग सुटतो. नुसतं येऊन बसणाऱ्याला काही मिळत नाही.

"म्हंजे थरथराव लागते," धनराजभाऊ म्हणाले.

"हो. कंपनानं."

त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ भुंग्याकडे पाहत राहिले. पुठ्ठा उलटा धरला होता, रंग शर्टाला लागला. मी सांगितलं तर म्हणाले, "लागू द्या."

१२ मे

दोन दिवस मला गरगरतं आहे. विशेषतः संध्याकाळी, पायऱ्यांवर बसले असताना. ऊन असेल. उपकेंद्रातल्या सिस्टरकडून बीपी तपासून घेतलं, एकदम व्यवस्थित. "जेवन बरोबर आहे का?" तिनं विचारलं. जेवण कमी झालंय खरं. सांगितलं की फील्डवर्क सुरू आहे. "कोनासंग?" तिनं विचारलं. हा काय वैद्यकीय प्रश्न झाला?

२ जून

धुरपताबाईंचं फाटक हिरवं झालं. धुरपताबाई म्हणजे माझ्या घरमालकीण. साठीच्या, बोलायला तिखट आणि हाताला त्याहून. धनराजभाऊंकडे रंग उरला होता म्हणून लावून गेले. मागच्या आठवड्यात असाच उरलेला रंग माझ्या खिडकीला लागला, त्याआधी पाण्याच्या टाकीला. इतका अंदाज चुकणारा पेंटर मी पाहिला नाही.

"धुरपताबाई, त्यांचं नुकसान होत असेल हो."

"होऊन राह्यलं खरं," त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. दात दुखत असावा.

चहा घेताना धनराजभाऊ त्यांच्या बायकोबद्दल बोलले. जाऊन बारा वर्षं झाली. तिला पडदे आवडायचे नाहीत, म्हणायची की तुमच्या जंगलात पाखरू नाही. तेव्हापासून ते प्रत्येक पडद्यावर कुठे तरी एक पाखरू काढतात, प्रेक्षकाला दिसणार नाही असं. मी बहाव्याची शेंग फोडून बिया दाखवल्या. बी फार कठीण कवचाचं, तसंच पेरलं तर वर्षानुवर्षं पडून राहतं. अस्वल नाही तर कोल्हा गर खातो, त्याच्या पोटातून ते जातं, झिजतं, मग कुठे रुजतं. हे त्या क्षणी सांगायचं नव्हतं बहुतेक. पण ते म्हणाले, "बरं सांगितलं."

६ जुलै

बहाव्याची बाजू लिहून झाली, चार पानं. आता सात्या. पुस्तकातलं असं:

वारुळाच्या आत वाळवी या बुरशीची शेती करते. पालापाचोळा आणून देते, बुरशी तो पचवते, वाळवी ते खाते. आपण वर पाहतो ते नुसतं फळ, दोन-चार दिवसांचं. खरी वस्ती खाली अंधारात असते आणि तिथे बारा महिने तेच काम चाललेलं असतं. वरून जाणाऱ्याला पत्ता लागत नाही. ती माणसाला लावता येत नाही, विकत घेऊन रुजवता येत नाही. ज्या वारुळावर निघते तिथेच निघते.

हे लिहिताना पुन्हा गरगरलं. आता तर ऊनही नाही.

२० जुलै

धुरपताबाईंना विचारलं की सात्या बघायला कुठे मिळतील. त्या पीठ मळत होत्या, हात थांबला.

"असं विचारत नसतेत बाई."

"का?"

"सात्याची जागा ज्याची त्याची असते. मायी मले माहीत, तुले नाई सांगनार. सख्ख्या बहिनीले नाई सांगितली मी. पोरीले नाई सांगत, ते दुसऱ्याच्या घरी जाते म्हनून. सून आली का सुनेले दाखवतेत. घरच्या मानसालेच."

नोंद करण्यासारखं आहे. संसाधनाचं पारंपरिक संरक्षण. तुलनेत एक वेगळा परिच्छेद घ्यावा: बहावा कोणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे, मैलभरावरून दिसतो, सात्या घरातल्या दोघांना ठाऊक.

मात्र माझी अडचण झाली. न पाहता तुलना कशी लिहायची? संध्याकाळी धनराजभाऊंजवळ हे बोलून दाखवलं. ते उठून गेले. रंगाचा ब्रश माझ्याच पायरीवर राहिला.

२७ जुलै

धनराजभाऊ आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "आईनं हो म्हनलं. उद्या सकायी चला. आमची जागा दाखवतो."

केवढ्या मोठ्या मनाची माणसं. एका अभ्यासासाठी.

धुरपताबाईंना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाहिलं, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

२८ जुलै

किती लिहू आणि काय काय लिहू.

उजाडता उजाडता निघालो. त्यांच्या दाराशी केसरबाई उभ्या होत्या, धनराजभाऊंची आई. मी त्यांना पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. बारीक, ताठ, डोळे मुलासारखेच. त्यांनी मला एक नवी कोरी बांबूची टोपली दिली. म्हणाल्या, "ओढनी घे डोक्शावर."

मी घेतली.

"मच्छर लय आहेत," त्या म्हणाल्या आणि हसल्या. डासांना ओढणीचा उपयोग होत नाही, पण मोठ्यांचं ऐकावं.

नाल्यापर्यंत धनराजभाऊ रंगाचा रिकामा डबा वाजवत चालले, अस्वल-वाघ असेल तर त्यानं ऐकून घ्यावं म्हणून. मला वळणं लक्षात राहत नाहीत, कॉलेजातही मी अजून चुकीच्या जिन्यानं उतरते. म्हणून सोबत पिवळी लोकर नेली होती.

आणि मग वारूळ. कमरेएवढं, लाल, आणि त्याच्या पायथ्याशी सगळीकडून वर आलेल्या. काही अजून मिटलेल्या, बोटाएवढ्या, टोकाला राखाडी. काही उघडून बशीएवढ्या झालेल्या, खालून दुधासारख्या. मी गुडघ्यावर बसले. तेही बसले. एक हलकेच उपटून दाखवली तर तिचं मूळ खाली जातच राहिलं. "तोडा नाई तिले, काढाव लागते," ते म्हणाले. "आन मिटलेल्या राहू द्या. दोन दिवसांनं आई येईल त्याईच्यासाठी."

पानांवरून पाणी टपकत होतं.

"माया आजीनं मायी आईले दाखवली होती ही जागा," ते म्हणाले. "लग्नानंतर दुसऱ्या पावसात. तवापासून मायी बायको सोडून तिसऱ्याले माहीत नव्हती. मले बी पाच वर्षाखाली दाखवली, तिचे गुडघे दुखाले लागले तवा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आपण काही तरी योग्य बोललं पाहिजे.

"वारुळाच्या मातीचा नमुना घेऊ का?" मी विचारलं.

त्यांनी वारुळाकडे पाहिलं. "घ्या," म्हणाले. मग हसायला लागले, आणि हसतच हात धुवायला नाल्यावर गेले.

तेवढ्यात मी माझं काम उरकलं. आमच्या कॉलेजच्या आवारात मी प्रत्येक झाडाला नावाची पाटी लावते, तशी एक टिनाची पाटी लिहून नेली होती: "सात्या. अभ्यासासाठी राखीव. कृपया तोडू नये." ती वारुळाजवळ रोवली. परत येताना ते पुढे डबा वाजवत होते, मी मागून प्रत्येक वळणावर फांदीला लोकरीची गाठ मारत आले, पार सडकेपर्यंत. आता मी एकटीसुद्धा चुकणार नाही. त्यांना दोन दिवसांनी सांगून चकित करणार आहे.

आज इतकं गरगरतंय की अक्षर तिरकं येतं आहे. आणि मला त्याचं काही वाटत नाही.

३० जुलै

दुपारी कॉलेजहून आले तर सगळ्या गल्लीला वास. धुरपताबाईंनी सात्यांची भाजी केली होती; तेल, कांदा, मिरची, वरून जरासं जवसाचं कूट. मी तीनदा घेतली. तुलनेसाठी नोंद: चव मटणाच्या जवळ जाते पण त्यापेक्षा मऊ, मातीची आठवण असलेली, शेवटी किंचित गोड. बहाव्याच्या फुलांची भाजी मी उन्हाळ्यात खाल्ली होती. ती तुरट आणि समजूतदार. हिच्यापुढे कुठेच नाही. बहाव्याचं प्रेम बाजूला ठेवून लिहिते.

शेवटचा घास घेतल्यावर विचारलं, "या तुमच्या जागेवरच्या?"

"मायी जागा अजून निघाली नाई," धुरपताबाई म्हणाल्या. "तुया पिवळ्या रस्त्यानं गेलो सगळे. अर्धं गाव होतं. पाटी बी वाचली. सोनीबाईनं मोठ्यानं वाचून दाखवली, मंग तोडल्या."

३१ जुलै

काल रात्री धुरपताबाई माझ्या खाटेच्या कडेवर बसून बोलल्या. नुसतं तेवढंच लिहिते, जसं त्या म्हणाल्या तसं.

"मी तुले सांगितलं होतं का नाई, जागा कोनाले दाखवतेत?"

"घरच्या माणसाला."

"मंग तुले काऊन दाखवली?"

"अभ्यासासाठी."

"मायबाई," त्या म्हणाल्या. "एवढं शिकून कसं झालं व हे."

१ ऑगस्ट

मागची पानं वाचून काढली. फाटक. खिडकी. टाकी. तीन पिवळे. ओढणी.

वाचताना तोंडावर उशी धरली होती. आधी हसण्यासाठी, मग नाही.

सगळ्या गावाला मे महिन्यात कळलेलं मला ऑगस्टमध्ये कळलं, तेही तीनदा भाजी वाढून घेतल्यावर. आणि ज्या बाईनं आपल्या सासूचं गुपित माझ्या हातात दिलं, तिच्यासाठी राखलेल्या सात्या अर्ध्या गावाच्या चुलींवर शिजल्या. माझ्यामुळे.

गरगरण्याचं कारणही कळलं. सिस्टरला बहुतेक तेव्हाच कळलं होतं.

२ ऑगस्ट

केसरबाईंकडे गेले. त्या ओसरीवर बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. मी नमस्कार केला, टोपली परत समोर ठेवली.

"काऊन आनली?" त्या म्हणाल्या.

"तुमची आहे. मला ठेवण्याचा अधिकार नाही."

"सात्या खाल्ल्या का?"

खोटं बोलता आलं असतं. "खाल्ल्या. तीनदा घेतल्या."

"गोड होत्या?"

"फार."

"असतेतच." त्या निवडत राहिल्या. "सत्तेचाळीस वर्षं सांभायली ती जागा. सख्खी जाऊ मांगं मांगं आली एकदा, तं तिले चार नाले फिरवून घरी आनलं. आन तू पोरी, वरात काढली तिची."

मला रडू आलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आता रडून राह्यली. वारूळ कुठी नाई गेलं. पन पुढच्या साली माया आंधी सोनीबाई तिथी राहीन."

"धनराजभाऊ कुठे आहेत?"

"वडश्याले. पडदे आहेत." मग सूप पुन्हा उचलून, "मी नाई रुसली. तो बी नाई रुसला. तो लाजून राह्यला. म्हनते, आई, मी तिले जागा दाखवली आन तिनं माती मांगितली, मंग काय समजाव? नाई म्हनते असंच का नाई? आन वरून पाटी. अभ्यासासाठी राखीव."

"मी नाही म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. "मला कळलंच नव्हतं."

"मले काऊन सांगतं? त्याले सांग."

टोपली त्यांनी माझ्याकडे सरकवली. दिलेली टोपली परत घेत नाहीत, म्हणाल्या.

७ ऑगस्ट

फोनवर बोलायला धीर होत नाही. व्हॉट्सॲपवर एक लांबलचक संदेश लिहिला, पुसला. दुसरा लिहिला, त्यात वाळवी आली, पुसला. शेवटी पाठवलं: "तिन्ही पिवळ्यांपैकी मधला बरोबर आहे."

दोन तासांनी उत्तर: "बरं मॅडम."

मॅडम. हा शब्द इतका लांबून कधी आला नव्हता.

त्यांना नकार ऐकू आला आहे आणि ते सभ्य माणूस आहेत, पुन्हा विचारणार नाहीत. पडदे झाले की भिंत रंगवतील, पैसे घेऊन जातील, आणि उरलेला रंग उरलेलाच राहील.

१४ ऑगस्ट

तुलना पुन्हा लिहिली. जुनी सोळा पानं होती, आता दोन. आरशासमोर वाचली. आवाज कॉलेजातला येईना. धुरपताबाई दारातून म्हणाल्या, "सभेत थरथरशील तं चालन. थरथराव."

त्यांना भुंग्याचं कोणी सांगितलं?

धनराज संध्याकाळच्या बसनं आले. खिडकीतून पाहिलं. मी आज पहिल्यांदा त्यांच्या नावापुढचं भाऊ गाळून लिहिलं, आणि चुकून नाही.

१५ ऑगस्ट

उशीर झाला आहे, पण आजचं आजच.

झेंडावंदन झालं, सभा भरली. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, धनराज सगळ्यांत मागे कोऱ्या भिंतीला टेकून. सचिव कुलदीप, तरुण आणि फार काटेकोर, इतिवृत्त लिहायला बसला. सोनीबाई म्हणाल्या, "मॅडम, वाचा."

मी उभी राहिले आणि वाचू लागले. बहावा सगळ्यांसमोर फुलतो, त्याला काही लपवता येत नाही. सात्या दाखवत नाहीत, त्या दाखवाव्या लागतात. बहाव्याचं बी कठीण असतं, त्याला रुजायला उशीर लागतो. सात्यांचं काम खाली वर्षभर चालू असतं, वर आलं तेव्हा सुरू झालं असं समजू नये. बहाव्याकडे कोणीही पाहावं. सात्यांची जागा ज्याला दाखवली, त्याला त्याचा अर्थ कळायला हवा.

इथे कागद संपला नव्हता, पण मी तो खाली ठेवला.

"मला जागा दाखवली," मी म्हणाले, "आणि मी तिथे पाटी लावली."

बायकांकडून हसू फुटलं. मी थांबले नाही, थांबले असते तर बसलेच असते.

"केसरबाईंची जागा माझ्यामुळे गेली. सगळ्यांसमोर गेली म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते. आणि ज्यांनी दाखवली त्यांना मी उत्तर दिलं नव्हतं. माती मागितली होती. ते उत्तर नव्हतं. उत्तर हो आहे."

माझे गुडघे, हात, हनुवटी, सगळं थरथरत होतं.

कुलदीपनं पेन वर केलं. "मॅडम, हे ठरावात घेऊ का नुसतं चर्चेत?"

"ठरावात घे," सोनीबाई म्हणाल्या. "सूचक उर्वशी मॅडम. अनुमोदक कोन?"

सगळ्या माना केसरबाईंकडे वळल्या. त्यांनी सावकाश पदर नीट केला.

"लिव्ह मायं नाव. पन खाली हे बी लिव्ह, माया सात्या ज्यायनं ज्यायनं खाल्ल्या, लग्नाचं जेवन त्यायच्याकडं."

"म्हंजे सगळ्याच गावाकडं," कोणी तरी म्हणालं.

"मंग सगळ्याच गावाकडं."

"आन मले कोनी विचारनार का?" मागून धनराजचा आवाज आला.

"तुले काय विचाराचं," केसरबाई म्हणाल्या. "मे महिन्यापासून पिवळ्यानं लडबडून हिंडून राह्यला."

तेव्हा मी पहिल्यांदा मागे पाहिलं. ते भिंतीला टेकलेलेच होते, दोन्ही हात तोंडावर, आणि खांदे हलत होते. हसत होते की काय ते मला दिसलं नाही. मला स्वतःलाच नीट दिसत नव्हतं.

चिन्हाचा निकाल मग दोन मिनिटांत लागला. केसरबाईच म्हणाल्या की सात्या भिंतीवर काढल्या तर सडकेनं जाणारा प्रत्येक जण उतरून विचारेल, कुठी भेटतेत? बायकांनी एकसाथ हात वर केले. बहावा. माझी चार पानांची कारणं कोणाला लागली नाहीत.

बाहेर आल्यावर धनराज म्हणाले, "मॅडम, मधला पिवळा ना?"

"उर्वशी," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "मधलाच."

आणि कान लाल करून डबे आणायला गेले.

१६ ऑगस्ट

अजयला फोन केला. "झाली का तुही तुलना?" त्यानं विचारलं. म्हटलं, झाली, आणि मी लग्न करते आहे. मग, "ताई, तो जंगलातला आहे का?" "पेंटर आहे. जंगल काढतो." "आणि तुही तब्येत?" "गरगरतंय," मी म्हणाले. "थांबू नये असं वाटतंय." तो रविवारी येतो आहे. आवाज वडिलांचा नव्हता, चौथीतल्या अजयचा होता.

दिवसभर सभागृहासमोरून जाण्याची मला सात कामं निघाली. प्रत्येक वेळी भिंत थोडी जास्त पिवळी.

१९ ऑगस्ट

धुक्यातच दारावर काठी वाजली. केसरबाई. "टोपली घे. कोनाले सांगू नको, धनराजले बी."

"ते येणार नाहीत? मग डबा कोण वाजवणार?"

"मी खोकलतो ना."

खोकत, थांबत, गुडघ्यांना शिव्या देत त्या पुढे चालल्या. सासूनं त्यांना एक नाही, दोन जागा दाखवल्या होत्या. मुलाला एकच सांगितली. पुरुष माणसाच्या पोटात राहत नाही म्हणाल्या, आणि बघ, त्यानं पहिलीच संधी साधून बायलॉजीवालीला नेलं.

कुठल्या बाजूला गेलो, वाटेत काय लागलं, काय ओलांडलं, ते इथे लिहिणार नाही.

वारूळ लहान होतं पण सगळं पांढरं झालेलं. मी समोर उभी राहिले. हात रिकामे, पिशवीत काही नाही, आणि आतून इतकं भरून आलेलं की वाटलं, आता जमिनीवरच बसावं.

केसरबाई माझ्याकडे डोळे बारीक करून पाहत होत्या. "काय करून राह्यली?"

"काही नाही," मी म्हणाले. "नुसती बघते."

"घरी जाऊन पाह्यजो," त्या म्हणाल्या. "भर लवकर. उजाडून राह्यलं."